एकट्याने लांब बाईकवर जाऊन परत आलेले कोणी आहेत का इथे?

सडाफटिंग
हे लेहचं प्रवासवर्णन नाही. ती इथे ढिगाने आहेत, फोटोंसकट आहेत. मला विचारायचंय ते परत आल्यानंतरचं.

चिंचवड ते चिंचवड, २७ दिवस, ६,३४० किलोमीटर, एकटा. गाडी २०१३ ची दीडशे सीसी, रोज ऑफिसला नेतो तीच. जाताना इंदूर, कोटा, जयपूर करत जम्मू, मग श्रीनगर, कारगिल, लेह. तिथून नुब्रा आणि हानले. येताना मनालीवरून. १८,३८० फुटांवरचा खारदुंग ला केला. सारचूच्या अलीकडे एक पंक्चर आणि एकदा ओढ्यात आडवा झालो (वेग ताशी ५, इज्जत सोडून काही मोडलं नाही).

परत येताना बिजासनचा घाट उतरलो, पळासनेरला टपरीवर थांबलो आणि पोऱ्याने विचारलं, "काय जोयजे भाऊ?" मला अहिराणी येत नाही, गणगोत सगळं साताऱ्याकडचं. पण तीन आठवडे हिंदीत काढल्यावर त्या 'जोयजे'नेच घसा दाटला. म्हणजे घरची ओढ होती, हे आधीच सांगून ठेवतो.

शेवटचा मुक्काम धुळ्याला. सकाळी निघून मालेगाव, चांदवड, नाशिक, संगमनेर करत दुपारी अडीचला नारायणगाव. घर राहिलं सत्तरेक किलोमीटर. दहा मिनिटं चहाला म्हणून थांबलो आणि दोन तास बसलो. तीन चहा, एक प्लेट भजी. समोर टेम्पोत टोमॅटोचे क्रेट चढवत होते, ते बघत बसलो. पाऊस नव्हता, गाडी ठीक होती, फार दमलोही नव्हतो. उठवेना. बायकोचा फोन आला तेव्हा बेधडक सांगितलं, चाकणला अडकलोय. चाकणचं ट्रॅफिक म्हटल्यावर कोणी पुढचं विचारत नाही.

साडेसहाला घरी. गणपती दोन दिवसांवर, हॉलभर पुठ्ठे आणि डिंक. बायको म्हणाली, "आलास? बरं झालं, तो माळ्यावरचा पाट काढून दे." मी अजून बूटसुद्धा काढले नव्हते.

आज नववा दिवस. रात्री तीनला जाग येते, गाडी कुठे लावलीय ते आठवेपर्यंत धडधडतं, मग खिडकीतून पार्किंगमध्ये बघून येतो. उजव्या हाताची करंगळी बधिर आहे. ऑफिसात चार जणांनी "काय मजा केलीस मग?" विचारलं आणि उत्तर सुरू करेपर्यंत लिफ्ट आली. गाडीच्या मागच्या कॅरिअरवरच्या रबरी दोऱ्या अजून सोडलेल्या नाहीत. सोडवत नाहीत, असं म्हणा.

हे कोणाला झालंय का? किती दिवस चालतं? काय केलंत?

टपरीवरचा
पहिला!
चाकणच्या नावावर खोटं बोलणं हा पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक नागरिकाचा जन्मसिद्ध हक्क आहे. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

मृणाल_नागपूर
आयडी सडाफटिंग आणि घरी पाट काढायला सांगणारी बायको. आयडी बदला आधी.

खवचट_खान
दोन दुरुस्त्या.

एक. खारदुंग ला १८,३८० फूट नाही. ते जुन्या पिवळ्या पाटीवरचं गणित. जीपीएसने मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. तुमचा येतानाचा तांगलांग ला ५,३२८ मीटर आहे, दोघांत फक्त ३१ मीटरचा फरक. पण तांगलांगच्या फोटोला कोणी लाइक देत नाही, कारण टी-शर्ट खारदुंगचे विकले जातात. उमलिंग ला १९,०२४ फूट, तिथला रस्ता २०२१ मध्ये गिनीजमध्येही गेला. हानलेपर्यंत गेलात आणि तिथून उमलिंगला गेला नाहीत, याचं कारण कळेल का?

दोन. 'ला' म्हणजेच खिंड. त्यामुळे 'खारदुंग ला पास' म्हणणारे 'खिंडखिंड' म्हणत असतात. तुम्ही म्हटलेलं नाही, पण पुढे कोणीतरी म्हणणार, म्हणून आधीच.

टपरीवरचा
@खान, म्हणजे आपण "मी खारदुंगला गेलो" म्हणतो ते बरोबर की चूक? की "खारदुंगलाला गेलो" म्हणायचं?

मृणाल_नागपूर
खारदुंगलालालाल्ला.

सडाफटिंग
@खवचट_खान, दुरुस्ती मान्य. उमलिंगला गेलो नाही कारण हानलेला रात्री डोकं असं ठणकलं की सकाळी उठून मुकाट खाली आलो. एकट्याने गेल्यावर "चल रे, काही होत नाही" म्हणणारं कोणी नसतं. तोटा म्हणा किंवा फायदा.

पिस्टन
मनाचं इतर लोक सांगतील. मी गाडीचं बोलतो, कारण धागाकर्त्याने तिची विचारपूसच केलेली नाही आणि नवव्या दिवशीही ती तशीच उभी दिसतेय.

१. दीडशे सीसी, २०१३, म्हणजे बहुधा कार्ब्युरेटर. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. कार्बला ते कळत नाही, तो पेट्रोल आपलं नेहमीच्या हिशोबाने सोडत राहतो. म्हणून गाडी तिथे दमेकऱ्यासारखी चढते आणि प्लग काळा पडतो. लेहमध्ये एखाद्या मिस्त्रीने एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) फिरवून दिला असेल तर खाली आल्यावर तो मूळ जागी आणायलाच हवा. नाहीतर इथे पेट्रोल कमी पडून इंजिन तापत राहील आणि तुम्ही म्हणाल पुण्यातला उन्हाळा लवकर आला.

२. ओढे पार केलेत. चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस गेलं असेल. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चाक वरखाली धरून आडवं हलवून बघा. जरा जरी खेळ जाणवला तर बेअरिंग बदला.

३. तसंच पुढचं चाक अधांतरी करून हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मधोमध एक बारीकसा खटका लागला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. लडाखच्या रस्त्यांवर जातोच.

४. चेन. स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे) दात एका बाजूला झुकलेले दिसले तर पूर्ण किट टाका. नुसती चेन बदलून पैसे वाचवायला जाऊ नका.

आणि त्या रबरी दोऱ्या सोडा. ताणलेल्या राहिल्या की मरतात.

मिठातला
मी जहाजावर असतो. सहा महिने पाण्यात, तीन-चार महिने घरी, हे गेली १४ वर्षं. त्यामुळे २७ दिवसांचं ऐकून आधी हसू आलं, मग रात्री तीनची जाग वाचली आणि हसू थांबलं. मलाही घरी आल्यावर पहिले काही दिवस इंजिनाचा आवाज नसल्याने जाग येते. आवाजाने नाही, तो नसल्याने.

अनुभवातून शिकलेला एकच नियम देतो: पहिले आठ दिवस घरातली कुठलीही गोष्ट सुधारायची नाही. आपण नसताना घराची घडी बसलेली असते. मुलांचा अभ्यास कोण घेतं, दूधवाल्याचा हिशोब कोण ठेवतं, गॅसचा नंबर कधी लावायचा, सगळं आपल्याला वगळून बसवलेलं असतं. आपण बॅग टेकवतो आणि म्हणतो, "हा डबा इथे का ठेवलाय?" तिथेच पहिली ठिणगी.

एकदा मी आलो तर माझी किल्ली दाराला लागेना. कुलूप बदललं होतं, सांगायचं राहून गेलं होतं. स्वतःच्या घराची बेल वाजवून उभा राहिलो. मुलगा दार उघडून म्हणाला, "आई, बाबा आले", आणि परत कार्टून बघायला गेला. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, बरोबर होतं त्याचं. त्याचा दिवस चालू होता.

तुमच्या बायकोने पाट काढायला सांगितला ना? नशीबवान आहात. म्हणजे तुम्हाला घरातला धरलं. पाहुण्याला कोणी माळ्यावर चढवत नाही.

घाटवेडी
+१ मिठातला. पाटाचं वाक्य पटलं.

मी कोल्हापूर ते स्पिती एकटीने केलंय, दोन वर्षांपूर्वी. तुमच्या ऑफिसवाल्यांनी "काय मजा केलीस" तरी विचारलं. मला लोकांनी विचारलं, "झालं का समाधान?" चुलत नणंदेने विचारलं, "आणि घरी जेवणाचं कोण बघत होतं?" रस्ता कसा होता हे विचारणारं एकही माणूस नाही.

सगळ्यात नेमका प्रश्न सासूबाईंनी विचारला. सगळे गेल्यावर, भांडी आवरताना, हळू आवाजात: "लघवीला कुठे जायचीस गं?" मी सांगितलं, शक्यतो पेट्रोलपंपावर, आणि काझाच्या पुढे जिथे मैलोन्‌मैल काहीच नाही तिथे गाडी आडवी लावायची, हँडल आणि मागच्या बॅगेवर रेनकोट पसरायचा आणि त्याच्या आड. त्या खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा एसटीने पंढरपूरला निघालो तेव्हा मोठ्या माणसांना सांगायचं कसं म्हणून त्या दिवसभर पाणीच प्यायल्या नव्हत्या. एवढं बोलणं आमच्यात नऊ वर्षांत झालं नव्हतं.

धागाकर्त्याला सांगायचं ते हे, की सांगण्यासारखं तुमच्याकडे भरपूर असेल, पण ज्याला ऐकायचंय तो विचारेपर्यंत थांबा. तो लिफ्टमध्ये भेटत नाही.

गावकुस
राग मानू नका, पण या धाग्यातलं मला काहीच कळत नाहीये. पगारी रजा काढायची, लाखभर रुपये पेट्रोल-लॉजात घालायचे, लडाखच्या थंड वाळवंटात प्लास्टिकच्या बाटल्या टाकून यायच्या, आणि परत आल्यावर "मन लागत नाही". रोज गावाहून चाळीस किलोमीटर गाडी मारून एमआयडीसीत जाणाऱ्या पोराला कोणी विचारत नाही घरी आल्यावर कसं वाटतं.

टपरीवरचा
पॉपकॉर्न घेऊन बसलो.

सडाफटिंग
@गावकुस, राग नाही. बाटल्यांबद्दल: एकच स्टीलची नेली होती, लॉजवर भरून घ्यायचो. खर्च लाखाच्या बराच खाली, कारण साडेसहाशेच्या वरची खोली घेतलीच नाही. एमआयडीसीतल्या पोराबद्दल मात्र उत्तर नाही. प्रश्न बरोबर आहे.

लेक_ड्रायव्हरची
गावकुस यांच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकेन. वडील ट्रक चालवायचे. सांगली-दिल्ली, कधी पुढे पंजाबात. अठरा-वीस दिवसांनी एकदा घरी, दोन दिवस, की परत.

ट्रक कधीच थेट दारात आणायचे नाहीत. गावाबाहेर मोठं वडाचं झाड आहे, तिथे लावायचे. क्लीनरला घरी पाठवायचे. मग बोअरवर अंघोळ, दाढी, केबिनमध्ये खास जपून ठेवलेला पांढरा शर्ट. नाक्यावरून पाव किलो पेढे. आणि मग चालत घरी. हे सगळं व्हायला तास-दीड तास सहज लागायचा. आम्हाला ट्रक आल्याचं क्लीनरकडून आधीच कळलेलं असायचं, आम्ही दारात उभे, आणि यांचा पत्ता नाही. आई चिडायची, "तिकडं झाडाखाली काय ठेवलंय?" ते म्हणायचे, "अगं घाण होती अंगाला."

रात्री दोन-तीनला उठायचे. मी एकदा मागोमाग गेले. अंगणात उभे राहून वडाच्या दिशेने बघत होते, ट्रक दिसत नव्हता तिथून. मला म्हणाले, "टायर बघून येऊ का, असं वाटतंय." मी सात वर्षांची. म्हटलं चला. दोघं गेलो, टॉर्च घेऊन. त्यांनी दहाही टायरांवर एकेक लाथ मारली, आवाज ऐकला आणि आलो परत.

त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली. त्यांना कोणी 'सोलो रायडर' म्हटलं नाही आणि त्यांनी कधी स्वतःचं दुःखही सांगितलं नाही. पण सडाफटिंग, तुमची रात्री तीनची जाग आणि नारायणगावचे दोन तास वाचले आणि मी दहा मिनिटं स्वयंपाकघरात जाऊन आले. म्हणून लिहिलं.

मृणाल_नागपूर
ताई, काय लिहिलंय. नि:शब्द.

गावकुस
@लेक_ड्रायव्हरची, माझा सूर चुकला. मुद्दा मागे घेत नाही, सूर मागे घेतो.

नाडीपरीक्षा
डॉक्टर आहे, हाडांचा नाही, पण एवढं सांगू शकतो.

करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर असेल तर ती अल्नर नस. तळहाताचा करंगळीकडचा उंचवटा हँडलवर तासन्‌तास टेकलेला असतो, त्यात कंपनं. सायकलवाल्यांनाही होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बरं होतं. पण चिमूट धरताना जोर कमी पडत असेल, किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसल्यासारखा दिसत असेल, तर इथे विचारत बसू नका, दाखवून या. पुढच्या वेळी हातमोज्यात जेलची गादी, आणि हँडल आवळून धरायची सवय सोडा.

दुसरं, उंचीवर राहिल्यावर रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि खाली आल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पहिले काही दिवस जिना चढताना दम लागत नाही, त्याने हुरळून जाऊ नका.

झोपेचं म्हणाल, तर २७ दिवस रोज सात-आठ तास मेंदूला एकच काम होतं: खड्डा कुठे, कुत्रं कुठे, समोरचा ट्रक वळतोय का. त्याला सुट्टी झाल्याचं अजून कळलेलं नाही. महिनाभरात कळेल. नाही कळलं तर भेटा कोणालातरी.

वाईकर
डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून, थोडं कडू. चार वर्षांपूर्वी मी कन्याकुमारी करून येत होतो, एकटा. ३,४०० किलोमीटर बिनबोभाट. बंगळूर-हुबळी-बेळगाव-कोल्हापूर, सगळा हायवे पाठ. सातारा मागे टाकला, पाचवडला वाईचा फाटा आला. माझं घर तिथून वीस मिनिटांवर. डोक्यात हेल्मेट काढून झालेलं, अंघोळीचं पाणी तापलेलं, आईच्या हातची भाकरी खाऊन झालेली. फाट्यावर वळताना मागे बघायचं राहिलं. कॉलरबोन आणि तीन बरगड्या.

चूक पूर्णपणे माझी, मागच्या गाडीवाल्याने उलट हॉस्पिटलात नेलं. सांगायचं ते एवढंच की अख्ख्या प्रवासात मी रोज सकाळी गाडीवर बसताना घाबरलेला असायचो. त्या दिवशी नव्हतो.

त्यामुळे नारायणगावला दोन तास बसलात, उत्तम केलंत. पुढे खरंच चाकण होतं.

हडसनकाठी
आम्हा परदेशातल्यांचं नेमकं उलटं. पुण्याहून न्यू जर्सीला 'घरी' येतो आणि बॅग आठ दिवस उघडत नाही, कारण उघडली की आईच्या घराचा वास उडून जाईल. लोणच्याची बरणी फुटलेली असली तर मात्र उघडावी लागते. अनुभव आहे.

टपरीवरचा
धागा बाईकवरून निघून ट्रक, जहाज, विमान करून आला. बैलगाडीवाले कोणी आहेत का?

पेन्शनर
बैलगाडीवाला हजर आहे.

मी पाच-सहा वर्षांचा असताना आजी-आजोबा काशीला जाऊन आले. स्टेशनपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. परतीची तारीख पत्राने कळवली होती. ते संध्याकाळी गावात पोचले पण घरी आले नाहीत. वेशीवरच्या मारुतीच्या देवळात उतरले. रात्रीचं जेवण घरून डब्यातून तिकडे गेलं. मी रडून गोंधळ घातला की आजी आलीय तर घरी का नाही. आईने गप्प बसवलं: "यात्रेहून आलेलं माणूस असं एकदम घरात येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरचे सगळे, भाऊबंद, सनई-ताशावाले असे देवळात गेलो. दोघांना वाजतगाजत घरी आणलं. उंबऱ्यावर पायावर दूध-पाणी, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग दोन-तीन दिवसांनी मावंदं. गंगेच्या पाण्याचे तांब्याचे गडू आणले होते, तोंडाला लाख लावलेले. पूजा झाली, एक गडू फोडला, प्रत्येकाच्या हातावर पळीभर पाणी. आणि मग जेवणावळ. त्या दिवशी आजी जी बोलायला लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. गाडीत चोर कसा शिरला, प्रयागला नावाडी किती मागत होता, काशीतल्या गल्लीत आजोबा कसे हरवले. गाव ऐकत होतं. मावंदं झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून आजी चुलीपुढे. पुन्हा फारसं बोलली नाही त्यावर, बोलायचं उरलंच नव्हतं.

तरुणपणी मी याला खुळचटपणा म्हणायचो. आता सडाफटिंग यांचं नारायणगाव आणि या मुलीच्या वडिलांचं वडाचं झाड वाचून वाटतंय, मारुतीचं देऊळ तेच होतं. फक्त तुमच्याकडे सनईवाले आले नाहीत, आणि तुम्हाला चाकणचं नाव सांगावं लागलं.

खवचट_खान
पेन्शनर काका, साष्टांग. आज एकही दुरुस्ती नाही.

टाळकरी
काकांच्या प्रतिसादावरून आठवलं. वारीला लोक जातात पायी आणि येतात एसटीने. पण पालखी परत पायीच येते. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पादुका परतीला निघतात. जाताना लाखो माणसं, येताना मोजकी. दिवस कमी, टप्पे मोठे. रांगोळ्या नाहीत, हेलिकॉप्टरमधून फोटो नाहीत. मी एका वर्षी परतीला चाललो. जाताना ज्या गावात पाणी मिळवायला रेटारेटी केली होती, तिथे येताना एका म्हातारीने ओसरीवर बसवून विचारलं, "कसा झाला रे प्रवास?" गर्दी नसली की लोकांना विचारायला फुरसत असते.

दारातली तुळस
बराच वेळ वाचतेय. आता दुसरी बाजू.

माझा नवरा दरवर्षी जातो, वीस-पंचवीस दिवस. मी अडवत नाही, अडवणार नाही. पण सगळ्यांनी इथे जाणाऱ्याच्या परतण्यावर लिहिलंय. मिठातला यांनी घडीचं लिहिलं तेवढंच काय ते. त्या पंचवीस दिवसांत मीही एकटीच असते हो. तो लेहला पोचला की त्याचं प्रीपेड बंद, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही, हे दरवर्षी सांगून दरवर्षी विसरतो. मग अनोळखी नंबरवरून एक मिनिटाचा फोन: "मी बरा आहे, ठेवतो." ज्या दिवशी फोन नाही त्या दिवशी मी जेवते, टीव्ही बघते, मुलाला गोष्ट सांगते. आणि अनोळखी नंबर वाजला की पहिली रिंग संपायच्या आत उचलते. तीन आठवडे.

तो परत येतो, त्याच्या डोळ्यांपुढे अजून डोंगर असतात, आणि मला फक्त झोपायचं असतं. पहिल्या रात्री मी दहा तास झोपते. त्याला वाटतं, हिला माझ्या ट्रिपचं काही ऐकायचंच नाही. ऐकायचंय. आधी झोपू दे.

मिठातला
हे माझ्या बायकोने लिहिलंय का? आयडी तपासावा लागेल.

घाटवेडी
@दारातली तुळस, माझा नवरा तुमच्या बाजूला आहे. मी स्पितीत असताना त्याचं वजन चार किलो उतरलं होतं. तो म्हणतो स्वयंपाक जमत नव्हता म्हणून. आता जरा शंका येतेय.

पिस्टन
सगळं हृदयद्रावक आहे. एअर स्क्रू बघितलात का?

सडाफटिंग
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, चार दिवस लॉगिन केलं नव्हतं.

@नाडीपरीक्षा, चिमटीत जोर आहे. शर्टाचं बटण लावून बघितलं, लागतं.

@पिस्टन, शनिवारी गाडी मिस्त्रीकडे नेली. एअर स्क्रू लेहमध्ये खरंच फिरवून घेतला होता, मीच विसरलो होतो. मूळ जागी आणला. पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं. कोनसेट खटका देतोय, पुढच्या महिन्यात बघू. एअर फिल्टरचा डबा उघडला तर तळाशी पिठासारखी बारीक वाळू, बहुतेक हुंडरची. मिस्त्री ती फडक्याने पुसायला निघाला. मी म्हटलं थांब, आणि काडेपेटीत भरून घेतली. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावर वेगळा धागा होईल.

@लेक_ड्रायव्हरची, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. पेन्शनर काकांचाही. ती ऐकून घेऊन "हं" म्हणाली.

आता मुख्य. काल रात्री शेजारचे दोघे-तिघे जेवायला होते. मुलगी दहा वर्षांची आहे. वरणभात कालवता कालवता तिने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, तू नारायणगावला एवढा वेळ काय करत होतास?"

निघताना आईच्या समाधानासाठी बायकोच्या फोनवर लोकेशन सुरू करून दिलं होतं. लडाखात ते बंद पडलं आणि मी विसरून गेलो. मनालीला रेंज आल्यावर ते आपोआप परत सुरू झालं. म्हणजे मी चाकणला अडकलोय म्हणून सांगत होतो तेव्हा या दोघी पुठ्ठे चिकटवता चिकटवता नारायणगावातला ठिपका बघत होत्या.

मी बायकोकडे बघितलं. ती शेजारणीला भात वाढत होती. म्हणाली, "चाकणचं ट्रॅफिक त्या दिवशी नारायणगावपर्यंत आलं होतं."

पाहुणे गेल्यावर विचारलं, मग फोनवर बोलली का नाहीस. म्हणाली, "ठिपका हायवेवर असता तर घाबरले असते. हॉटेलवर होता. म्हटलं, बसू दे."

आज सकाळी रबरी दोऱ्या सोडल्या. पिस्टन यांचं बरोबर होतं, दोन मेल्यात.

दारातली तुळस
"बसू दे." वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि लोकेशन चालू ठेवा.

पेन्शनर
मावंद्याचं काय ठरलं? जेवायला आम्हाला बोलावणार असाल तर नारायणगाव मध्यवर्ती पडेल. मी जुन्नरचा.

टपरीवरचा
मी येतो. पण मला उशीर होईल, चाकणला अडकेन.

खवचट_खान
हुंडर नुब्रा खोऱ्यात, उंची साधारण दहा हजार फूट, वाळू तिथलीच असावी. मात्र हानलेच्या वाटेवरही बारीक धूळ असते, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही. काडेपेटीवर 'बहुधा' लिहा.

पिस्टन
चेन किटचं काय झालं ते लिहिलंच नाहीत.